'दाद न देणारा' आणि 'दाद देईनासा झालेला'

प्रश्न असा आहे: यकृताच्या कर्करोगावर मराठीत लिहिताना 'ड्रग रेझिस्टन्स'ला, म्हणजे औषधाचा गाठीवर परिणाम न होण्याला, औषधप्रतिकार म्हणावं की औषधरोध? आणि 'कर्कपेशींना औषधाची सवय होते' हे चालेल का?

'सवय' नको. औषधाची सवय माणसाला लागते, झोपेच्या गोळीची लागते तशी. गाठीतल्या पेशी मुळात एकसारख्या नसतात. औषधाने बऱ्याचशा मरतात. जनुकांतल्या एखाद्या बदलामुळे ज्या तगतात, त्याच पुढे वाढतात. 'सवय' म्हटलं की ही निवड झाकली जाते.

'प्रतिकार'ही मी टाळेन, कारण मराठी वाचकाला त्यातून आधी प्रतिकारशक्ती आठवते. यकृताच्या कर्करोगात तर हा गोंधळ फारच होईल. २०२० पासून अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोडी या आजारात वापरली जाते, आणि त्यातलं पहिलं औषध रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम काढतं. एकाच परिच्छेदात एक प्रतिकार हवासा आणि दुसरा नकोसा, असं झालं तर वाचकाने काय समजायचं? नाम हवंच असेल तर 'औषधरोध' बरा.

पण वाक्यात मला क्रियापद जास्त आवडतं: दाद न देणे. 'दाद' फारसीतून आली, तिथे तिचा अर्थ न्याय. 'कोर्टात दाद मागणे' यात तो अजून टिकून आहे. 'औषधाला दाद न देणारा क्षयरोग' तर आपण नेहमी वाचतो. शिवाय मराठीत '-ईनासा होणे' ही अप्रतिम सोय आहे. 'गाठ दाद देत नाही' आणि 'गाठ दाद देईनाशी झाली' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि वैद्यकातही हे दोन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार मुळातला. विषारी द्रव्यं निकामी करून पित्तात टाकणं हे यकृतपेशीचं रोजचं काम. त्यासाठी तिच्या पटलावर पी-ग्लायकोप्रोटीनसारखे प्रथिनांचे पंप असतात. पेशी कर्करोगी झाली तरी हे पंप राहतात, पुष्कळदा वाढतात, आणि केमोथेरपीची कित्येक औषधं बाहेर फेकतात.

दुसरा नंतर येणारा. यकृताच्या कर्करोगासाठी २००७ साली मान्यता मिळालेलं सोराफेनिब हे औषध 'राफ' हे वाढीचा संदेश पुढे नेणारं प्रथिन अडवतं आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. सुरुवातीला गाठ आवरते. मग पेशी तोच संदेश 'एकेटी' या दुसऱ्या प्रथिनाच्या मार्गाने पाठवू लागतात. रक्तपुरवठा तुटल्याने ऑक्सिजन कमी पडतो, तेव्हा 'हिफ' हे प्रथिन साचतं आणि तगून राहण्याची जनुकं चालू करतं. काही पेशी ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं प्रथिन गमावून शेजारणींपासून सुटतात. त्या इतरत्र पसरू शकतात आणि औषधालाही कमी जुमानतात. म्हणून 'पसरणे' आणि 'दाद न देणे' यांची फार काटेकोर फारकत लेखात करू नये.

एक आग्रह मात्र धरेन. 'रुग्ण उपचाराला दाद देत नाही' असं लिहू नका. त्यात दोष रुग्णाकडे जातो. कर्ता 'गाठ' किंवा 'कर्करोग' ठेवा. गाठ 'देईनाशी' होते, कर्करोग 'देईनासा'.