ताकात उरलेल्या पडद्याचा अभ्यास करून पोट भरतं का?

खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. घरी शेती आणि दोन म्हशी. मुलगी बेळगावात रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकली. त्या लिहितात, "पेशीच्या पडद्यातली चरबी आणि प्रथिनं एकमेकांना कशी धरून राहतात, त्यावरच पुढं शिकणार म्हणते. घरचे म्हणतात बीएड कर, गावाजवळ नोकरी लागेल. मला तो विषयच कळत नाही. त्यावर पोट भरतं का, तेवढं सांगा."

नमस्कार ताई,

आधी विषय सांगते, कारण तो तुमच्याच घरात आहे. म्हशीच्या कासेतल्या पेशीतून दुधाचा स्निग्ध थेंब बाहेर पडतो, तेव्हा तो त्या पेशीचंच पटल, म्हणजे पडदा, अंगाभोवती लपेटून घेतो. म्हणून दुधातले थेंब लगेच एकमेकांत मिसळून त्यांचा गोळा होत नाही. तुम्ही रवीनं घुसळता तेव्हा हे पटल फाटतं, आतली चरबी एकत्र येते आणि लोणी वर येतं. फाटलेल्या पटलाचे बरेचसे तुकडे ताकात राहतात. त्या तुकड्यांत लिपिड म्हणजे स्निग्ध रेणू असतात आणि त्यांच्यात रुतलेली प्रथिनं असतात. तुमच्या मुलीला याच दोघांच्या संबंधाचा अभ्यास करायचा आहे.

हा संबंध साधा नाही. 1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी मांडलं की पटल म्हणजे लिपिडांचा दुहेरी, प्रवाही थर आणि त्यात प्रथिनं तरंगतात. पुढं कळत गेलं की लिपिड नुसतं तरंगायला जागा देत नाही, प्रथिनाच्या कामात हातही घालतं. थराचा आतला तेलकट भाग साधारण 3 नॅनोमीटर जाड असतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). प्रथिनाचा जो मळसूत्री भाग त्यातून आरपार जातो, त्यात बहुधा वीसेक अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, असतात, म्हणजे लांबी जवळपास तेवढीच. हे माप जुळलं नाही तर प्रथिन तिरकं होतं, नाहीतर आजूबाजूचे लिपिड स्वतःला ताणून किंवा आखडून घेतात. त्यात प्रथिनाचा आकार बदलला की कामही बदलू शकतं. काही लिपिड तर ठरावीक प्रथिनाला चिकटूनच असतात. कार्डिओलिपिन नावाचं लिपिड बैलाच्या हृदयातून पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या प्रथिनांना ते लागतं. ते नीट घडलं नाही तर बार्थ सिंड्रोम नावाचा आनुवंशिक आजार होतो, त्यात लहान मुलग्यांच्या हृदयाचे स्नायू कमजोर पडतात. एवढ्याशा चरबीच्या रेणूपायी! मला हा विषय मनापासून मोठा वाटतो, आणि मुलीला त्याची ओढ लागली याचा आनंदही वाटतो.

आता पोटाचं. आज वापरात असलेल्या औषधांपैकी निम्म्याच्या आसपास औषधं पटलातल्या प्रथिनांवरच काम करतात. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या आजारात लोक ज्या इंजेक्शनसाठी वणवण फिरले, ते लिपिडच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं, बुरशी मारणारं अ‍ॅम्फोटेरिसिन होतं. तसं भरल्यानं मूत्रपिंडाला होणारा त्रास कमी होतो. त्यामुळे हे शिकलेल्या माणसाला औषध संशोधनात, लसनिर्मितीत आणि विद्यापीठांत काम असतं. पण वाट लांबची आहे, हे लपवत नाही. एमएस्सीची दोन वर्षं, मग पीएचडीची पाच-सहा. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात, म्हणजे पीएचडीच्या काळात घरावर भार पडत नाही. मात्र दोन-तीन वर्षांत तिच्या पगाराची घराला खरंच गरज असेल, तर आजच तिला तसं स्पष्ट सांगा. बीएड नंतरही करता येतं, पण घरच्या अडचणी लपवून पोरीला भलत्या वाटेला लावू नये.

इंग्रजीचा धसका घेऊ नका. पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, ती इंग्रजीतच शिकते आहे, सरावानं भाषा येते. मला काळजी भौतिक रसायनशास्त्राची आणि गणिताची आहे. प्राणिशास्त्राची आवड असलेली मुलं हे दोन विषय पास होण्यापुरते करतात आणि पुढं इथंच अडतात. तेल पाण्यात का विरघळत नाही, याचं उत्तर ऊर्जा आणि एन्ट्रॉपीच्या, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणाच्या, हिशेबात आहे. तो हिशेब तिला स्वतः मांडता यायला हवा. पुढच्या वर्षी आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची तर तयारी आतापासूनच लागेल. तिच्यातून आयआयटीत एमएस्सीला आणि बंगळूरच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) इंटिग्रेटेड पीएचडीला, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकत्र करायला, दार उघडतं. आयआयएससीतला जैवभौतिकीचा विभाग प्रथिनांच्या रचनेचे शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी उभा केला. बंगळूरच्याच एनसीबीएस आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांमध्ये पटलांवर मोठं काम झालं आहे. भारी फी घेणारी, पण मुलांना प्रयोगाला हात लावू न देणारी बायोटेक्नॉलॉजीची पदवी मात्र नावाला भुलून घेऊ नका.

निर्णय आज करायचाच नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला पाठवतात, निर्वाहभत्ताही देतात. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी निघतात, म्हणून कॉलेजातल्या सरांना आताच विचारून ठेवू द्या. तिथलं काम सोपं नसतं. पटलातून प्रथिन बाहेर काढायला डिटर्जंट लागतं आणि सोबतचे लिपिड सुटले की पुष्कळदा ते प्रथिनच ढासळतं. आठवड्याची मेहनत अशी एका दुपारी वाया जाते. ते दोन महिने सोसून ती घरी आली आणि तरी तेच करायचं म्हणाली, तर घरच्यांना मी स्वतः समजावीन. बेळगावला आलात की भेटा.

आणि अर्जात आपल्याला काय शिकायचं आहे ते थोडक्यात लिहावं लागतं. तिथं पुस्तकातली व्याख्या उतरवू नको म्हणावं. एका सकाळी तुमच्या शेजारी बसून घुसळण बघू दे आणि ताकाबद्दल जो प्रश्न पडेल तोच लिहू दे.