शेवट सांगा म्हणालात, मी मधलं सांगतो

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगी पाच वर्षांच्या लॉ अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. तिने न्यायाधीशाची परीक्षा द्यावी, अशी आमची इच्छा. कॉलेजात तिने आल्दो मोरो या इटालियन नेत्यावर सेमिनार दिला. तेव्हापासून त्याच्यासारखं प्राध्यापक व्हायचं आणि राजकारणातही जायचं, असं धरून बसली आहे. आधी मास्तरकी करेल, मग राजकारणात शिरून तीही घालवेल. मी नेटवर पाहिलं, तर त्या माणसाला पळवून नेऊन मारलं. मी तिची टिपणांची वही कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. बारा दिवस तिच्याशी बोललेले नाही. तुम्ही तिला त्याचा शेवट नीट समजावून सांगा.
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, पत्र दोनदा वाचलं. मला मोरोंच्या शेवटापेक्षा तुमच्या बारा दिवसांची काळजी जास्त वाटली. कायदा शिकणारी, कॉलेजात उभं राहून बोलणारी मुलगी, आणि तिची वही घरातच कुलपात. माझ्याकडे अशी मुलं येतात. ‘आई बोलत नव्हती, म्हणून फॉर्म भरला,’ असं सांगतात. तोवर तीन-चार वर्षं गेलेली असतात, परीक्षा निघालेली नसते आणि आईशी बोलणंही पूर्वीसारखं उरलेलं नसतं. तुमची भीती खरी आहे. पण त्या भीतीपायी तुम्ही जे करताय ते चूक आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

शेवट तुम्हाला माहीत आहे. १६ मार्च १९७८ ला रोममध्ये व्हिया फानी या रस्त्यावर ‘रेड ब्रिगेड्स’ या अतिडाव्या सशस्त्र गटाने माजी पंतप्रधान मोरोंना पळवलं. त्या हल्ल्यात त्यांचे पाचही अंगरक्षक मारले गेले. मोरोंना ५५ दिवस कोंडून ठेवलं आणि ९ मे रोजी त्यांचा मृतदेह एका लाल रेनो गाडीत सापडला. कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर इटलीत सरकार उभं राहावं, म्हणून मोरोंनी अतोनात खटपट केली होती. त्याच सरकारवरच्या विश्वासमतासाठी ते त्या सकाळी संसदेकडे निघाले होते. इटलीत ती वर्षं बॉम्बस्फोटांची आणि खुनांची होती. तो काळ, तो देश आणि ते पद बाजूला ठेवून नुसता खून उचलायचा आणि सांगलीतल्या मुलीसमोर ठेवायचा, हे मला पटत नाही.

आता तुमचा एक गैरसमज. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘आधी मास्तरकी करेल, मग राजकारणात शिरून तीही घालवेल.’ मोरोंचा जन्म १९१६ चा, दक्षिण इटलीतल्या माल्ये गावचा. वडील शाळा तपासनीस, आई तुमच्यासारखीच शिक्षिका. बारी विद्यापीठातून १९३८ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले आणि काही वर्षांतच तिथे शिकवू लागले. १९४६ मध्ये संविधान सभेवर निवडून गेले, तेव्हा तिशीही गाठली नव्हती. पुढे खासदार झाले, तरी शिकवणं सोडलं नाही. १९५१ मध्ये ते बारीलाच फौजदारी कायद्याचे पूर्ण प्राध्यापक झाले, म्हणजे राजकारणात मुरल्यावर. मग कायदामंत्री, शिक्षणमंत्री (शाळांत नागरिकशास्त्र त्यांच्याच कारकिर्दीत आलं), आणि १९६३ पासून पाच सरकारांचे पंतप्रधान. १९६३ मध्येच ते रोमच्या ला सापिएन्झा विद्यापीठात आले आणि पंतप्रधान असतानाही तिथे वर्ग घेत राहिले. विद्यार्थ्यांना तुरुंग दाखवायला नेत, कारण शिक्षा म्हणजे काय हे पुस्तकातून कळत नाही. पळवलं त्या सकाळी त्यांच्या गाडीत विद्यार्थ्यांचे पदवीचे प्रबंध होते. मृतदेह कुठे आहे हे सांगणारा मारेकऱ्यांचा फोन गेला तो फ्रँको त्रित्तो यांना, त्यांच्या विद्यापीठातल्या सहायकाला. कुठे गेली मास्तरकी? ती शेवटच्या दिवसापर्यंत होती. आज बारी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? प्रा. मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. १९७१ मध्ये राजापूरमधून लोकसभेवर गेले, पुढे देशाचे रेल्वेमंत्री आणि अर्थमंत्री झाले. लोकांनी त्यांच्या नावामागचं ‘प्राध्यापक’ कधी काढलं नाही.

मुलीलाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, हे उत्तर तिला वाचायला द्या. बाळ, शासकीय महाविद्यालयात नोकरी लागली तर पक्षाचं काम करता येत नाही, सेवानियम आड येतात. इतरत्र प्रत्येक विद्यापीठाचे आणि संस्थेचे नियम आधी वाचायचे. मोरोंना जमलं ते इथे तसंच जमेल, असं धरून चालू नकोस. दुसरं, तुला त्यांच्यातलं नेमकं काय आवडलं? पंतप्रधानपद आवडलं असेल तर प्राध्यापकीचा घाट घालू नकोस. शिक्षेबद्दलचा त्यांचा विचार आवडला असेल, तर मात्र तुझ्याकडे विषय आहे. १९७६ च्या वर्गातल्या व्याख्यानांत ते सांगत होते की जन्मठेपही फाशीइतकीच क्रूर आहे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही शिक्षा पहिल्यांदाच आणली. ती प्रत्यक्षात कशी दिली जाते, हे जिल्हा न्यायालयात जाऊन पाहा. एलएलएमच्या प्रबंधाचं काम तिथून सुरू होईल.

प्राध्यापकीची वाट ठरलेलीच आहे: एलएलएम, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, मग पीएचडी. ताई, न्यायाधीशाच्या ज्या परीक्षेसाठी तुम्ही अबोला धरलाय, तिला आता पदवीनंतर लगेच बसता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. म्हणजे पदवीनंतरची तीन वर्षं ती कोर्टातच काढणार असेल, तर आज या घरात भांडण कशावरून चाललंय?

सेमिनारला वर्गात काय बोलली, हे तुम्ही तिला विचारलं का? पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. तुम्हीही वर्गावर उभ्या राहता. मुलीने पहिल्यांदा भरल्या वर्गासमोर वीस-पंचवीस मिनिटं बोलणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं त्या घरात कुणाला कळणार? आज संध्याकाळी कपाट उघडा, वही तिच्या हातात द्या आणि तोच सेमिनार पुन्हा द्यायला सांगा. तिच्या वडिलांनाही बसवा. नंतर तिला मला पत्र लिहू दे. यावेळी तिने स्वतः लिहावं.