उघड्या हवेतला संसर्ग: थेंब कुठवर गेले यापेक्षा श्वासात किती आले ते काढा

तुम्ही उघड्या हवेत श्वासातून पसरणाऱ्या संसर्गाचं गणिती मॉडेल बनवताय आणि तुमची अडचण अशी आहे: बंद खोलीतला संसर्गाचा धोका काढणारं वेल्स-रायली समीकरण मोकळ्या जागेला लावलं की धोका जवळजवळ शून्य येतो, आणि थेंबांचे मार्ग काढणारं सिम्युलेशन चालवलं की थेंब सहा मीटर जातात. यातलं खरं कोणतं? गणित दोन्हीकडे बरोबर असू शकतं, पण समोरच्या माणसाच्या श्वासात किती विषाणू गेले, हे त्यातलं एकही सांगत नाही. काढायचं आहे ते तेच.

वेल्स-रायली १९७८ मध्ये गोवराच्या साथीवरून मांडलं गेलं. उच्छ्वास खोलीभर सारखा मिसळतो, हे त्याचं गृहीतक. बाहेर १ मीटर प्रतिसेकंद वारा असेल, तर २ मीटर बाय २ मीटरच्या चौकटीतून तासाला १४,४०० घनमीटर हवा जाते. ५० घनमीटरच्या खोलीत तासाला दोनदा हवा बदलली तरी आकडा १०० घनमीटरच. म्हणून तुमचं उत्तर शून्याकडे झुकलं. पण अर्ध्या मीटरवर समोरासमोर बोलणाऱ्याला ती सगळी हवा मिळतच नाही, त्याच्या नाकाशी येतो तो जेमतेम पातळ झालेला उच्छ्वास. सिगारेटचा धूर जवळ उभं राहणाऱ्याला जसा लागतो, तसंच हे.

आता थेंब. स्थिर हवेत दीड मीटरवरून १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब साधारण ६ सेकंदांत खाली येतो, १० मायक्रॉनचा ८ मिनिटांत आणि १ मायक्रॉनचा कण जवळपास अर्ध्या दिवसाने. पण १० मायक्रॉनचा थेंब कोरड्या हवेत सेकंदाच्या आत सुकून मीठ-प्रथिनांचा बारीक कण होतो, हे विसरू नका. बाष्पीभवन आणि पडणं यांची ही शर्यत संशोधक विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्येच मांडली होती. बाहेरच्या टर्ब्युलन्सपुढे, म्हणजे हवेच्या खळबळीपुढे, बारीक कणांचं वजन नगण्य असतं, त्यामुळे त्यांना सरळ वायूसारखं वागवा. एकेकाचा मार्ग काढण्याची मेहनत मोठ्या थेंबांसाठी राखून ठेवा.

सहा मीटरचा आकडा बहुधा डबूक आणि ड्रिकाकिस या संशोधकांच्या २०२० च्या खोकल्यावरच्या सिम्युलेशनशी जुळतो. तिथे ४ ते १५ किमी प्रतितास वारा धरला होता. मात्र त्याच कामात थेंबांचं प्रमाण आणि आकार अंतराबरोबर घटताना दिसतात, आणि हा भाग लोक सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या मॉडेलमधून अंतर नको, डोस काढा: नाकापाशी असलेलं प्रमाण, गुणिले श्वासाचा दर, गुणिले वेळ, गुणिले जिवंत राहिलेल्या विषाणूंचा अंश.

वाऱ्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. एकाच दिशेचा स्थिर वारा धरला की वारा ज्या बाजूला वाहतो तिथला माणूस सतत उच्छ्वासाच्या झोतात राहतो. प्रत्यक्षात दिशा भटकते आणि झोत येत-जात राहतो. कारखान्यांच्या धुराड्यांतला धूर कसा पसरतो ते काढण्यासाठी बनवलेलं गाउसियन प्लूम हे सूत्र इथे लावू नका, ते काही मिनिटांची सरासरी देतं आणि पहिल्या एक-दोन मीटरांत निरुपयोगी ठरतं. हवेतले मोठे भोवरे क्षणाक्षणाला काढणारं लार्ज एडी सिम्युलेशन जमत असेल तर उत्तम, नाहीतर मोजलेल्या वाऱ्याची मालिका वापरा. खरी कसोटी लागते ती वारा पडल्यावर. तेव्हा शरीराच्या उष्णतेने वर चढणारी हवा, साधारण ०.२ ते ०.३ मीटर प्रतिसेकंद, वाऱ्याच्या बरोबरीला येते. म्हणून मॉडेलमधली माणसं उबदार हवीत, नुसते खांब चालणार नाहीत. भिंतीचे कोपरे आणि मांडव असतील तर तेही घाला, तिथे हवा घुटमळते.

सूर्यप्रकाशाचा परिणाम खरा आहे. २०२० च्या प्रयोगांत कृत्रिम लाळेच्या एरोसोलमधले (हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांमधले) ९० टक्के कोरोना विषाणू कृत्रिम सूर्यप्रकाशात २० मिनिटांच्या आत निष्प्रभ झाले. पण दोन मीटर जायला झोताला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात जेमतेम एखादा टक्का कमी होईल. जवळच्या संभाषणाच्या गणितात हा गुणक घालून धोका कमी दाखवू नका.

सुरुवात अशी करा: वारा जवळजवळ शून्य, दोन उबदार माणसं समोरासमोर, आणि खोकला नव्हे तर दहा मिनिटांचं बोलणं. सोडलेल्यापैकी किती अंश समोरच्याच्या श्वासात जातो ते काढा. मग पुतळ्याच्या तोंडातून ट्रेसर वायू (हवेत कुठे किती पोचला ते मोजता येतो असा वायू) सोडून केलेल्या मोजमापांशी तो पडताळा. हे जुळलं की मगच वारा वाढवा.