रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकला की जंतू मरतात ना?
जंतू बरेचसे मरतात, पण त्यांनी रात्रभरात भातात सोडलेलं विष फोडणीनेही जात नाही. बॅसिलस सेरियस हा जिवाणू तांदळाबरोबरच घरात येतो. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं त्याचं झोपलेलं रूप, उकळत्या पाण्यातही तगतात आणि भात कोमट झाला की रुजून भराभर वाढतात. वासावरून काही कळत नाही. भात मोकळा, पांढराशुभ्रच दिसतो. उरलेला भात पातेल्यात झाकून ठेवलात तर मधला गोळा तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून ताटात पसरून निववा आणि तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. मग दुसऱ्या दिवशी खुशाल कांदा-मिरची घालून परता. बाहेर राहिलेला भात खाऊन दर वेळी उलट्या होतातच असं नाही, कडाक्याच्या थंडीत धोका कमीच. तरी लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना देऊ नका.