प्रोग्रॅम जमतो, सांगता येत नाही

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील असून संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले. गुण चांगले मिळतात, गावच्या उत्सवातील नाटकात कामही करतो. मात्र सराव मुलाखतीत स्वतःच्याच प्रकल्पाविषयी विचारले, तर दोन वाक्यांपुढे जाता येत नाही. महाविद्यालयात सॉफ्ट स्किल्सचा आठवड्याला एक तास असतो आणि त्यात पोशाख, हस्तांदोलन वगैरे शिकवतात. एवढ्याने भागेल का?

उत्तर : भागणार नाही, पण सगळा दोष इंग्रजीवरही टाकू नका. नाटकात वाक्ये पाठ असतात, मुलाखतीत समोरचा काय विचारील ते ठाऊक नसते. (तालमीचा एक फायदा मात्र आहे : समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबण्याची सवय पुष्कळ हुशार प्रोग्रॅमरांना नसते.)

स्क्रम, म्हणजे गटाने छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतीने काम करणारा गट रोज जास्तीत जास्त १५ मिनिटांची बैठक घेतो आणि तीत काल काय केले, आज काय करणार व कुठे अडलो, हे प्रत्येकाने सांगण्याची प्रथा आहे. यातले तिसरे सर्वांत जड जाते, कारण वर्गात ‘समजले नाही’ म्हणणाऱ्याला आपण हसत आलो आहोत. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झाले, ते एका गटाच्या सॉफ्टवेअरने पौंड-बलाच्या ब्रिटिश एककांत दिलेले आकडे दुसऱ्या गटाने न्यूटनच्या मेट्रिक एककांतले समजून वापरल्यामुळे. मार्गात काहीतरी चुकते आहे अशी शंका काहींना आली होती, परंतु ती रीतसर मांडली गेली नाही.

आपल्याकडे चौघांच्या प्रकल्पात एक जण कोड लिहितो, दुसरा अहवाल टंकतो आणि उरलेले दोघे बाइंडिंग करून आणतात, हे काही गुपित नाही. पुढच्या प्रकल्पात प्रत्येकाने दुसऱ्याचा कोड वाचून शंका लेखी मांडाव्यात, आणि त्याही ‘तू चुकलास’ अशा नव्हे, तर ‘यादी रिकामी आली तर ही ओळ काय करील?’ अशा. रीडमी फाइल, म्हणजे प्रोग्रॅम कसा चालवायचा हे सांगणारी टिपणी, तुम्ही लिहा व ती वाचून प्रोग्रॅम चालवायला दुसऱ्या शाखेच्या मित्राला सांगा. तो अडेल तिथे लेखन अपुरे आहे असे समजा.

मुलाखतीसाठी प्रकल्प आधी घरच्यांना मराठीत किंवा कोकणीत समजावून सांगा, मग तोच इंग्रजीत मांडा. घरच्या भाषेतही अडलात, तर पुन्हा कोड उघडून बसा.