कोल्हापूर ते लेह हवाई अंतर किती? नेटवर ३ तास दाखवतंय, खरंच एवढ्यात पोहोचतो का?

सरळ रेषेत साधारण १९७० किलोमीटर. लेह जवळजवळ आपल्या डोक्यावरच आहे, रेखांशात जेमतेम सव्वातीन अंशांचा फरक. अक्षांशांतला फरक साडेसतरा अंशांचा. एका अंशाला १११ किलोमीटर धरून गुणलं की १९४० येतात, आणि थोडं पूर्वेला सरकल्याचे तीसेक वाढतात. याला जेटच्या ताशी ८०० ने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, की झाले तुमचे ३ तास. हिशोब चोख आहे, फक्त तसं थेट विमान नाही.

मुंबई-दिल्लीमार्गे गेलात तर ३१० अधिक ११४० अधिक ६२०, म्हणजे २०७० किलोमीटर. वळसा शंभराचाच. हैदराबादवरून तेच २३३० होतात. मुंबईमार्गे प्रत्यक्ष हवेत साडेचार तासांच्या आसपास जातात. तरी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून निघून लेहच्या खोलीत पाठ टेकायला एक दिवस आणि वर एक सकाळ जाते.

कारण लेहची विमानं सकाळची. तिथली धावपट्टी ३२५६ मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. दुपारी दरीत वारं सुटतं, शिवाय ऊन वाढलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते; पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. तेव्हा आदल्या रात्री दिल्लीत मुक्काम धराच.

आता खरी मेख. लडाखचा हंगाम जून ते सप्टेंबर, आणि आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस. पहिल्या खेपेला आमचं कोल्हापूरचं विमान ढगांमुळे रद्द झालं. पुढची तिकिटं वेगळ्या कंपनीची, वेगळी काढलेली. तिकडून एक रुपया परत आला नाही. बायको आजही विषय काढते. एकाच बुकिंगमध्ये सगळे टप्पे बसत असतील तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी तसंच काढा. दुसऱ्या वेळी आम्ही गाडीने पुणं गाठलं आणि तिथून थेट दिल्ली. पुणं २३० किलोमीटर, पण हायवेच्या कामांचा भरवसा नाही, सहा तास हातात ठेवा.

एक गंमत सांगतो. सोबत भडंगाची चार सीलबंद पाकिटं नेली होती. दिल्ली सोडून विमान वर गेल्यावर ती फुगली, ते समजण्यासारखं होतं. लेहला उतरल्यावर बघतो तर आणखी टम्म, एक तर शिवणीतून फाटून बॅगेत शेंगदाणे. उडताना केबिनमधला दाब साधारण २४०० मीटरपेक्षा कमी उंचीवर असावा तेवढा राखतात. लेह त्याच्याही वर. म्हणजे विमान खाली येत असतं आणि आतला दाब मात्र डोंगर चढल्यासारखा कमी होत जातो.

पाकिटं फुगवणारा हाच कमी दाब आपल्यालाही दमवतो, कारण दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, दिल्ली त्याहूनही खाली, आणि तिथून आपण एकदम लेहला जातो. हॉटेलचे दोन जिने चढताना मी मध्येच बॅग ठेवून बसलो. पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं, पाणी प्यायचं. खारदुंगला खिंड वगैरे तिसऱ्या दिवसापासून. आणि जाण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, विशेषतः बीपी किंवा दम्याचं कुणी बरोबर असेल तर.