रंग कोणताही द्या, आधी ठेव काढा

प्रश्न : मी अंबाजोगाईचा, वय ६३, जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. दिवाळीआधी घर आतून रंगवायचे आहे. हॉलला मोतिया की फिकट आकाशी, यावर घरात एकमत नाही. पेंटरने मोतियाचे ७२ हजार सांगितले, आकाशीचे ८६. जादाचे १४ हजार घालावेत का? पैशाची अडचण नाही. पेन्शनवर घर चालते. निवृत्तीचे २२ लाख एका मल्टिस्टेट पतसंस्थेत १३ टक्क्यांनी ठेवलेत, दरमहा व्याज येते. भाचा तिथेच एजंट आहे. मार्चमध्ये मुदत संपली की अर्धा टक्का वाढवून देतो म्हणतो.

उत्तर : गुरुजी, नुसत्या छटेचे १४ हजार होत नाहीत. दोन्ही रंग फिकट, डब्याच्या किमतीत फारसा फरक नसतो. बहुधा एकाला डिस्टेंपर धरलंय, दुसऱ्याला धुता येणारं इमल्शन. डिस्टेंपरवर ओलं फडकं फिरवलं की रंग फडक्यालाच येतो. दोन्हींचा भाव एकाच इमल्शनचा, पुट्टी-प्रायमर धरून, चौरस फुटाप्रमाणे लिहून मागा. हॉलमध्ये उजेड कमी असेल तर मोतिया. झालं.

आता न विचारलेलं. २२ लाख, तेही एकाच पतसंस्थेत? बँक बुडाली तर ठेव विम्यातून व्याजासह ५ लाखांपर्यंत मिळतात. पतसंस्थेला, मल्टिस्टेट असली तरी, हा विमा लागू नाही. एक रुपयाही नाही. बीड जिल्ह्यात राहता, तेव्हा बंद शटरपुढे पावत्या घेऊन उभे असलेले ठेवीदार तुम्ही पाहिलेच असणार.

तुम्हाला १३ टक्के द्यायचे, वर भाच्याचं कमिशन आणि शाखेचा खर्च, म्हणजे कर्जदाराकडून १७-१८ तरी घ्यायला हवेत. त्या दराने कर्ज कोण उचलतो? बहुतेकदा बँकेने परत पाठवलेला.

१३ टक्क्यांनी महिन्याला साधारण २४ हजार येतात. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला १५ हजार पडतात, हाती मात्र तिमाहीला एकदम येतात. फरक नऊ हजारांचा. मुद्दल बुडालं तर या जादा व्याजातून ते भरून यायला २० वर्षं लागतील. आणि पेन्शनवर घर चालतंय, मग हे नऊ हजार हवेत कशाला? अर्धा टक्का वाढवतो म्हणणाऱ्या संस्थेला तर जास्तच घाबरा. तिला पैशाची निकड आहे.

मार्चची वाट पाहू नका. याच आठवड्यात मुदतपूर्व परताव्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पावत्यांच्या झेरॉक्स काढा. मूळ पावती पैसे खात्यात आल्याशिवाय हातची सोडू नका. दोन टक्के दंड कापला तरी ४४ हजार, कापू द्या. पैसे आले की ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका, मर्यादा ३० लाखांची आहे. लाख-दोन लाख राष्ट्रीयीकृत बँकेत हाताशी ठेवा, रंगाचा खर्चही त्यातूनच.

भाचा रुसेल. रुसू द्या. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर मिळालं तर मात्र थांबू नका, मल्टिस्टेट संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय सहकार निबंधकांकडे लेखी तक्रार करा आणि वकील गाठा. १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, त्यासाठीच आहे, पण जप्ती, लिलाव आणि वाटप होईपर्यंत वर्षं जातात.